नीअल राजाची भावकी

घाडीदादांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर माझी चूक काढली, आणि तीही ओरडून नाही, हळहळून.

कुवेतमधल्या शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या विस्ताराचं काम तेव्हा जोरात होतं. साल शहाण्णव असेल, फार तर सत्त्याण्णव. नाशिकहून येऊन मला जेमतेम दीड महिना झाला होता. मी पाइपिंगचा इंजिनिअर. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी आणि डोक्यात, इथे आपल्याशिवाय कुणाला काही कळत नाही ही खात्री. फिटरांचे फोरमन होते सगुण घाडीगावकर. पन्नाशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे, कानामागे खडूचा तुकडा. कोकणातली सगळी पोरंथोरं त्यांना घाडीदादा म्हणत. त्यांनी माझं ड्रॉइंग जमिनीवर पसरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले, उकिडवे बसून बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं आणि वर बघून म्हणाले,

"सायबानू, ह्या झिलाक बापूस नाय."

झील म्हणजे मुलगा, हे मला ठाऊक होतं. पण पाइपाला मुलगा आणि बाप कुठून आले? मग एका फिटरने समजावलं. घाडीदादांच्या शाळेत मोठा मुख्य पाइप म्हणजे बापूस. त्यातून फुटलेली प्रत्येक लाइन म्हणजे झील. झिलाच्या पोटी नातू. अख्खा कारखाना ते वंशावळीसारखा वाचत. आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये सहा इंचाची एक लाइन मोठ्या दिमाखात निघाली होती खरी, पण ती ज्या मुख्य पाइपातून फुटायची, त्याच्या ड्रॉइंगवर तिचा मागमूस नव्हता. दोन्ही कागद मीच तपासले होते आणि दोन्हींवर सही माझीच होती.

"चूक कोणाचीय होता," घाडीदादा म्हणाले. "पण आता बापूस शोधूक होयो."

संध्याकाळपर्यंत आम्ही तो शोधला. त्या दिवसापासून नवं ड्रॉइंग आलं की मी आधी ते त्यांच्या पुढ्यात पसरायचो आणि मगच सही करायचो. माझ्या साहेबांना वाटे, मी कामात फार बारकाईने लक्ष घालतो.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पुष्कळ. फिटर राहत त्या अब्बासियाहून कंपनीची बस पहाटे निघायची. घाडीदादा कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, आणि शेजारची जागा रिकामी. तिथे त्यांचा डबा बसायचा. कुठल्याही पाइपावर ते आधी बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावत. लेव्हल, मोजपट्टी वगैरे मंडळी नंतर. कुणी "दादा, झालं का?" विचारलं तर "झाला" असं कधी म्हणायचे नाहीत. "व्हतला," म्हणजे होईल, म्हणायचे. काम संपून त्यावर रंग चढला तरी "व्हतला." एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, हे तर झालंय!" तर म्हणाले, "पाणी भरून बगूचा आसा मा अजून?"

ती पाणी भरून बघण्याची गोष्टच मला सांगायची आहे. पाइप जोडून झाले की त्यांत पाणी भरून जबरदस्त दाब चढवतात आणि तो काही तास धरून ठेवतात. कुठे सांधा कच्चा असेल तर तिथून पाणी फुटतं. याला हायड्रोटेस्ट म्हणतात. पंप चालू करायच्या आधी घाडीदादा आपल्या माणसांना पाइपांच्या मांडणीआड गोलाकार उभं करत, टोपी काढत आणि हलक्या आवाजात देवाला गाऱ्हाणं घालत. परक्या मुलखात आपला देव किती आवाजात काढायचा, याचं त्यांना पुरतं भान होतं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्या परमुलखात तुजी लेकरा पाण्याच्या परीक्षेक उभी ऱ्हवली हत..."

"व्हय म्हाराजा," बाकीचे पुटपुटत.

"खय सांदो कमी पडलो आसात, खय कोणाचो हात उणो पडलो आसात, तर ता आजच दाखय, म्हाराजा. मागीर दाखव नको."

"व्हय म्हाराजा."

"कोणाच्या अंगाक ओरखडो येवक देव नको, आणि सगळ्यांका धडधाकट खोलयेर पोचय रे म्हाराजा!"

मी देव मानतो तो परीक्षेपुरता, आणि परीक्षा केव्हाच संपल्या होत्या. पण ते गाऱ्हाणं मला आवडे. आमचे दोष झाकले जावोत, अशी प्रार्थना करणारे मी भरपूर पाहिले होते. दोष आजच दाखव म्हणणारा हा पहिलाच. आमचा इजिप्शियन सेफ्टी ऑफिसर तर निहायत खूश होता. कामाआधी सुरक्षिततेचे चार शब्द सांगायचा नियम असतो. हे त्यातलंच काहीतरी आहे असं समजून तो दर वेळी रजिस्टरमध्ये नोंद करी. इतर फोरमनना तो सांगे, "घाडीकडून शिका. त्याची माणसं प्रत्येक वाक्याला उत्तर देतात!"

घाडीदादांच्या घराण्याचा हा मान होता. कणकवलीपासून आत, डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. तिथल्या रवळनाथाच्या जत्रेला सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं ते घाडीगावकरांनी. त्यातही दोन घरं, थोरलं आणि धाकटं. मान थोरल्याचा. वडील गेले तेव्हा घाडीदादा कुवेतला. त्या वर्षी जत्रा अडू नये म्हणून धाकट्या घरच्या काकांनी गाऱ्हाणं घातलं. पुढच्या वर्षी रजा मिळाली नाही, पुन्हा काकांनीच घातलं. तिसऱ्या वर्षी घाडीदादा नवं धोतर घेऊन गेले, तर काका म्हणाले, "दोन वर्सा मी घातलंय, आता तो मान आमचो." शब्दाने शब्द वाढला. प्रकरण कोर्टात गेलं, सभामंडपाला कुलूप लागलं. आत गुरव रोज दिवा लावून येई तेवढंच. जत्रा बंद, पालखी बंद. गावच्या लेकी ओटी भरायला येत आणि बंद दारापुढे नारळ ठेवून परत जात. काका वारले, त्यांचा मुलगा वसंत दावा लढवू लागला. मी घाडीदादांना ओळखू लागलो तेव्हा कुलपाला नऊ वर्षं झाली होती.

घाडीदादांना पैसा नको होता असं नाही, पण पैशासाठी कुणी इतकं झुरत नाही. बापाच्या जागी उभं राहून एकदा, निदान एकदा, रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचं, एवढीच त्यांची मागणी होती. शुऐबात ते जे घालत, ती त्यांच्या लेखी तालीम होती.

या सगळ्यात आयर्लंडचा राजा आला तो ब्रेंडनमुळे.

ब्रेंडन आमचा तपासनीस. बाहेरच्या कंपनीने नेमलेला, टेस्टवर त्याची सही झाल्याशिवाय काम पुढे सरकायचं नाही. उन्हाने लालबुंद झालेला, लांबट चेहऱ्याचा, साठीकडे झुकलेला माणूस. आयर्लंडच्या वायव्य टोकाचा, डोनेगल नावाच्या भागातला. एकदा गाऱ्हाणं संपेपर्यंत तो टोपी काढून शांत उभा राहिला आणि मग मला विचारलं, हा काय म्हणतो? मी सांगितलं. हा यांच्या घराण्याचा हक्क आहे, तेही सांगितलं. ब्रेंडन म्हणाला, "आमच्याकडेही राजाला गादीवर बसवताना शब्द कोणी उच्चारायचे, ते घराणं ठरलेलं असे. मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः राजाचा वंशज आहे."

मी घाडीदादांना सांगितलं, तसे ते ताडकन उभेच राहिले.

"बसा, बसा," ब्रेंडन हसून म्हणाला. "राज्यातलं आता दोन गाई आणि एक पाणथळ शेत उरलंय. तेही भावाकडे आहे."

टेस्टचा दाब चार तास धरायचा होता. दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवून बसायचं, दुसरं काही करायचं नाही. कुणी ताकासारखं लबन आणि खबुसाची रोटी काढली, कुणी फरसाण. ब्रेंडनने जुन्या ड्रॉइंगची कोरी पाठ घेतली आणि वर एक नाव लिहिलं. नीअल. दीड हजार वर्षांपूर्वीचा राजा. त्याला नऊ ओलिसांचा नीअल म्हणत, कारण नऊ मुलखांचे ओलीस त्याच्या ताब्यात असत.

"ओलीस कित्याक?" घाडीदादांनी विचारलं. त्यांचं इंग्रजी साइटपुरतं. मध्ये मी दुभाषा.

"दिलेला शब्द त्या लोकांनी मोडू नये म्हणून."

"म्हणजे आमचे पासपोर्ट कंपनी ठेवता तसा."

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर ब्रेंडन इतका हसला की गेजची नोंद लिहायची राहिली.

नीअलबद्दल खात्रीचं थोडं आणि दंतकथाच फार, हे ब्रेंडनने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. पण वंश मात्र खरा. नीअलच्या मुलांनी देश वाटून घेतला. काही उत्तरेला गेले, काही मधल्या सुपीक भागात राहिले. ब्रेंडन रेघा काढत होता आणि घाडीदादा पुढे सरकत सरकत पार कागदावर ओणवे झाले. हा कागद त्यांना वाचता येत होता.

"हो मोटो बापूस. ही उत्तरेची लाइन, ही दक्षिणेची. आणि ही बाजूची खयची?"

"ती आमची. डोनेगलची. सुरुवातीला आमच्यातलेही राजे झाले. मग आम्हाला कायमचं वगळलं."

घाडीदादांनी कानामागचा खडू काढला आणि त्या रेघेच्या टोकाशी एक आडवी जाड रेघ मारली. पाइप कायमचा बंद करायचा असला की टोकाला लोखंडी तबकडी ठोकतात, तिची खूण. "ह्या लायनीक ब्लाइंड मारल्यानी," ते कळवळून म्हणाले. ब्रेंडनला भाषांतराची गरजच पडली नाही.

उरल्या दोन शाखा. उत्तरेची आणि दक्षिणेची. सगळ्या आयर्लंडच्या वरची जी मानाची गादी होती, ती या दोन शाखांत आळीपाळीने जाई. उत्तरेचा राजा वारला की दक्षिणेचा बसे. तो वारला की पुन्हा उत्तरेचा. एखादा अपवाद सोडला तर अडीच-तीनशे वर्षं हे असं चाललं.

घाडीदादांनी मला दोनदा विचारलं, तुम्ही बरोबर सांगताय ना? मग म्हणाले, "तेंका विचारा, ह्यो करार खय लिवललो होतो? कोणत्या कोर्टात?"

"कुठेच नाही," ब्रेंडन म्हणाला. "आणि हे साधुसंत होते असं समजू नका. लढाया होत, एकमेकांची गुरं पळवत, खून पडत."

"पण पाळी मोडल्यानी नाय मा?"

"नाही."

टेस्ट पास झाली, पाणी सोडलं, बस आली. ती खडूची रेघ असलेला कागद त्यांनी घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला. मला वाटलं, गोष्ट आवडली. माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

पुढच्या काही महिन्यांत नीअल राजा आमच्या कामावर रुळला. गेजशी बसलं की फिटर त्याची चौकशी करत. राजाची बायको कोण, जत्रा कधी, नैवेद्याला मटणाची सागोती चालते का. ब्रेंडनला जे ठाऊक नसे ते घाडीदादा परस्पर सांगून मोकळे होत. त्यांच्या मते नीअल राजा उंच होता, पायात करकरणाऱ्या वहाणा घालायचा आणि न्यायनिवाड्याला पिंपळाखाली बसायचा. तिकडे पिंपळ नसतो, हे ब्रेंडनने दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

मग एक दिवस घाडीदादा खिशात पत्र घेऊन आले. वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं पत्र. वकिलाने सांगितलं होतं की, दोन्ही घरांनी तडजोड केली नाही तर पुढल्या तारखेला कोर्ट देऊळ बाहेरच्या कारभाऱ्याच्या हाती देणार. मग कोण कुठला माणूस ठरवील, जत्रा कधी, पालखी कशी आणि गाऱ्हाणं घालायचं की नाही ते.

त्या दिवशी गेजशी बसल्यावर त्यांनी ब्रेंडनला एकच प्रश्न विचारला. "ती तीनशे वर्सांची पाळी मगे मोडली कशी?"

ब्रेंडनने सांगितलं. गादीवर दक्षिण शाखेचा राजा होता. नीअलच्या वंशाशी काही संबंध नसलेला, ब्रायन नावाचा एक बलाढ्य राजा चालून आला. दक्षिणेच्या राजाने उत्तरेकडच्या भाऊबंदांना निरोप पाठवला, की मदतीला या. जुन्या पोथीत उत्तरेवाल्याचं उत्तर आहे. आमच्या पाळीला आम्ही आमची गादी राखली. तुमच्या पाळीसाठी आम्ही का मरू? मग दक्षिणेच्या राजाने निमूट ब्रायनपुढे मान तुकवली. ब्रायन मेल्यावर थोडी वर्षं गादी परत मिळाली म्हणा, पण ती जुनी घडी पुन्हा कधी बसली नाही.

घाडीदादांचा चेहरा उतरला. गेजवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "आणि तो उत्तरेचो... तेका मागीर झोप लागली आसतली?"

"पोथीत लिहिलेलं नाही," ब्रेंडन म्हणाला.

परतीच्या बसमध्ये घाडीदादांनी डबा मांडीवर घेतला आणि शेजारची जागा मला दिली. असं कधी झालं नव्हतं. फहाहील आलं. माझं घर फहाहीललाच. उतरायचं सोडून मी बसून राहिलो. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी वसंताने गावाहून येणाऱ्या एकाच्या हातून कागद पाठवला होता. दावा राहू दे बाजूला, दोघं मिळून अर्ज करू, निदान जत्रेपुरतं देऊळ उघडू दे. सही मागितली होती.

"आणि तुम्ही?"

"तसोच परत धाडलंय. म्हटलंय, तुमका उघडूचा आसा तर तुमीच उघडा." मग म्हणाले, "मियाच तो उत्तरेचो, सायबानू."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. हा इतिहास आहे, धडा नव्हे. तेव्हाची गोष्ट वेगळी, असलं काहीतरी. पुण्या-नाशिकच्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखावर टीप द्यायची भारी हौस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शुक्रवारी खोलयेर येवा. साक्षीक कोणतरी शिकललो होयो."

शुक्रवारी सकाळी मी अब्बासियाला गेलो. दोन खोल्या, सात माणसं. पत्र लिहिलं तर एकाचा शब्द दुसरा फिरवील, म्हणून घाडीदादांनी कॅसेट भरायचं ठरवलं होतं. तेव्हा अशा बोलक्या कॅसेटी गावाकडे जातच असत. सिनेमाच्या गाण्यांची एक जुनी कॅसेट बळी दिली होती. वरची भोकं चिकटपट्टीने बुजवली की तिच्यावर पुन्हा भरता येतं. गुरगुर नको म्हणून एसी बंद, पंखा बंद, फ्रीजचाही प्लग काढलेला. दोन मिनिटांत सगळे घामाने निथळू लागले. पहिल्या खेपेला मध्येच खालच्या किराणा दुकानातला बकालेवाला गॅसचं सिलिंडर घेऊन दारात येऊन ओरडला. दुसऱ्या खेपेला घाडीदादांना खोकला आला. तिसऱ्या खेपेला ते उठून उभे राहिले, टोपी काढली आणि बोलू लागले.

"वसंता, मी सगुण बोलतंय, कुवेतसून. ही कॅसेट देवळाच्या पायरेर गावासमोर लावची. एक राजा होतो, नीअल नावाचो..."

आणि त्यांनी सगळा वंश सांगितला. मी आजवर इतिहास पुष्कळ वाचला, पण असा ऐकला नाही. नीअल राजाचे ओलीस, त्याचे मुलगे, ब्लाइंड मारलेली डोनेगलची लाइन, उत्तर-दक्षिणेची पाळी, आणि शेवटी उत्तरेवाल्याचं उत्तर. खोलीत कुणी घाम पुसायलाही हात उचलत नव्हतं.

"वसंता, तुजो कागद मी परत धाडलंय ती माजी चूक. आता मी सांगतंय ता ऐक. कोर्टातलो माजो दावो मी काढून घेतंय. मान तुजो. तू आसस तवसर तूच गाऱ्हाणा घालूचा. तुज्या मागीर थोरल्या घरात जो कोण आसात तेणा घालूचा. तेच्या मागीर परत तुमचा घर. नीअल राजाच्या भावकेन तीनशे वर्सा अशी काढल्यानी. आपणाक तीस तरी काढूया."

बटण दाबलं. कुणीतरी पंखा लावला. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, "दादा, झकास तोडगा काढलात!" इंजिनिअरच मी, कागदावर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की खूश. ते कॅसेट डबीत घालून तिला रबरबँड लावत बसले.

कॅसेट गावी पोचली. पायरीवर वाजली. वसंत रडला म्हणे, आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे गेला. त्या मार्गशीर्षात कुलूप निघालं. जत्रा भरली, पालखी निघाली. घाडीदादांना रजा मिळाली नाही; आमच्याकडे कारखाना बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती त्याच दिवसांत आली. जत्रेच्या दिवशी आमची एक टेस्ट होती. माणसं गोलाकार उभी राहिली. घाडीदादा सगळ्यांत मागे जाऊन उभे राहिले आणि फिटर तुकाराम परबला म्हणाले, "तू घाल."

"मी? दादा, तुमी आसताना?"

"मान दिलो तो दिलो. थय एक आणि हय एक, असा नसता."

त्यानंतर मी त्यांना गाऱ्हाणं घालताना पाहिलं नाही. परब चांगला माणूस, पण अर्ध्यात अडखळायचा. सेफ्टी ऑफिसरने मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, घाडीची तब्येत बरी नाही का, म्हणून. ब्रेंडनला सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आमच्या घरात पंधराशे वर्षं ही गोष्ट सांगतात. तिचा उपयोग कुणी पहिल्यांदाच केला." पुढे त्याचं काम संपलं आणि तो आपल्या पाणथळ शेताकडे निघून गेला. घाडीदादा आणखी काही वर्षं राहिले. मग एका मेमध्ये इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द करून, दोन खोकी बांधून तेही गेले.

चार-पाच वर्षांनी मी बायको-मुलीसह सुट्टीवर आलो होतो, तेव्हा मुद्दाम जत्रा साधून त्यांच्या गावी गेलो. मुलगी कुवेतच्या शाळेत शिकलेली. पालखी पाहून तिने इंग्रजीत शंभर प्रश्न विचारले आणि उत्तरं न ऐकता खाज्याच्या दुकानाकडे पळाली. सभामंडपात दाटी होती. देवापुढे नव्या धोतरातला एक माणूस उभा होता. मी शेजारच्याला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, "वसंत घाडी. गाऱ्हाणा घालतलो आता."

मी पाहतच राहिलो. माझ्या मनातला वसंत म्हातारा होता. घाडीदादांचा चुलत भाऊ म्हणजे त्यांच्याच वयाचा, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नव्हतं. हा माणूस तर माझ्या वयाचा होता. ताठ, भरदार, डोक्याचा एक केस पिकलेला नाही. आणि घाडीदादांनी तर केव्हाच साठी ओलांडली होती.

ते मला देवळामागे सापडले. जत्रेच्या पाण्यासाठी नवी टाकी बसवली होती आणि तिच्या पाइपाचा सांधा पाझरत होता. गुडघे टेकून ते तो आवळत होते. मला पाहून तोंडभर हसले, बायको-मुलीची चौकशी केली, पण हातातला पाना काही सोडला नाही.

"दादा, वसंतराव तुमच्याहून किती लहान?"

"सोळा वर्सांनी."

"कॅसेट भरताना तुम्हाला हे..." मला पुढे विचारवेना.

"तेच्या बारशाचे पेढे मियाच वाटलंय, सायबानू."

"मग वर्षावर्षाची पाळी का नाही मागितलीत? एका वर्षी ते, एका वर्षी तुम्ही. निदान तुम्हाला एकदा तरी..."

"वर्साची पाळी म्हणजे दर वर्सा नवी तारीख. कोणतरी आपला सगळा सोडल्याशिवाय ता कुलूप निघाचा नाय होता." पान्याला एक पीळ देऊन म्हणाले, "माका देऊळ उघडा होया होता."

मी तिथेच दगडावर बसलो. त्या शुक्रवारी आपण या माणसाचा हात हातात घेऊन झकास म्हणालो होतो, हे आठवून मला स्वतःची लाज वाटली.

"आत तरी चला," मी म्हणालो. "सुरू होईल आता."

"पाणी गळताहा. आणि आयकाक हयसून येता."

आत शांत झालं आणि वसंताचा आवाज आला. चांगला खणखणीत आवाज. देवस्थानचे बारा-पाचाचे मानकरी, वेशीवरचे, वाटेवरचे, गावच्या लेकी, मुंबईचे चाकरमानी, सगळ्यांना एकेक करून त्याने देवाच्या पायांशी आणलं. घाडीदादांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मग वसंत एकदम शेवटाला आला, आणि त्यांचा पाना थांबला. मान वर करून त्यांनी थोडी वाट पाहिली. आत लोक उठायला लागले.

तेव्हा टाकीकडे तोंड करून, मला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "आणि जी लेकरा कुवेताक आसत, तेंकाय सांबाळ."

चार दिवसांनी माझं परतीचं विमान होतं. मला रडू आवरेना. घाडीदादांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं, ते कोरडं आहे का पाहिलं आणि म्हणाले, "सायबानू, तो नळ सोडा बगूया."